त्रैक्याचा वाद : कुठून निघाला, कुठवर आला

ख्रिस्ती धर्मातल्या त्रैक्याच्या सिद्धांताकडे बाहेरून पाहणाऱ्याला पहिल्यांदा त्यातले गणित खुपते. पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव. तरी देव तीन नव्हेत, एकच. हे जमते कसे, असे बगदादच्या खलिफांच्या दरबारात विचारले गेले, युरोपातल्या बुद्धिवाद्यांनी विचारले आणि आपल्याकडच्या प्रार्थनासमाजी मंडळींनीही विचारले. पण वादाचा इतिहास मुळापासून चाळू लागले की गणित त्यात बरेच उशिरा आल्याचे दिसते. आधी आली ती उपासना. येशूपुढे प्रार्थना करायची का, केली तर त्याला कोण समजून करायची, आणि अशी प्रार्थना करणारा एकेश्वरवादी उरतो का, या प्रश्नांवरून ठिणगी पडली. पुढे तत्त्वज्ञानाची परिभाषा आली, सम्राट आले, हद्दपाऱ्या आल्या. प्रस्तुत आढाव्यात हा उपासनेचा धागा मुद्दाम हाती धरला आहे. त्यामुळे काही गाजलेली प्रकरणे थोडक्यात आटोपली आहेत.

ग्रंथातील दोन प्रकारची वचने

बायबलमध्ये ‘त्रैक्य’ हा शब्द कुठेही नाही, याबद्दल कोणत्याच पक्षाचे दुमत नाही. ग्रीकमध्ये त्याअर्थीचा शब्द दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात अंत्युखियाच्या थिओफिलसच्या लिखाणात आढळतो. लॅटिनमध्ये तो रुजवला कार्थेजच्या टर्टुलियनने, तिसऱ्या शतकाच्या आरंभी. पण शब्द उशिरा आला म्हणून कल्पनाही उशिराची, असे म्हणता येत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी ‘शब्द’ देवाजवळ होता आणि देव होता असे सांगितले आहे, तर शेवटाकडे पुनरुत्थित येशूला थोमा आपला देव म्हणतो.

त्याच ग्रंथात दुसऱ्या प्रकारची वचनेही आहेत. शेवटचा दिवस केव्हा येणार हे पुत्रालाही ठाऊक नाही, पित्यालाच ठाऊक आहे, असे मार्क सांगतो. पिता आपल्यापेक्षा थोर आहे, असे योहानाच्याच शुभवर्तमानात येशू म्हणतो. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ‘ज्ञान’ बोलते आणि देवाने आपल्याला सर्वांआधी निर्माण केले असे सांगते. प्राचीन वाचकांनी हे ज्ञान म्हणजेच ख्रिस्त असे धरले आणि चौथ्या शतकातली निम्मी लढाई या एका वचनावर झाली. सतराशे वर्षांत प्रत्येक पक्षाने यांतल्या एका प्रकारची वचने पाया म्हणून घेतली आणि दुसऱ्या प्रकारच्या वचनांचा अर्थ लावत बसला. एकाही पक्षाला सगळी वचने विनासायास बसवता आलेली नाहीत, हे नोंदवूनच पुढे जावे लागते.

उपासनेचा पुरावा मात्र बराच जुना आहे. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी ‘मारानाथा’ ही आरामी भाषेतली हाक आहे. प्रभूने यावे, अशी विनवणी. ग्रीक पत्रात ती आरामीतच ठेवलेली आहे, म्हणजे पॅलेस्टाइनमधल्या पहिल्या यहुदी शिष्यांच्या तोंडची ती असणार. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला कळवले, की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देवासारखे मानून त्याची स्तुती गातात. पुढे जिथे धर्मपरिषद भरली ते निकिया शहर याच प्रांतातले. परिषदेच्या दोनशे वर्षे आधी तिथल्या परिसरात प्रश्न असा गात-गात तयार झालेला होता.

निकियाच्या आधी आणि निकियात

प्रथा होती, तिचा अर्थ लावण्याचे प्रयत्न अनेक झाले. रोममध्ये थिओडोटसच्या अनुयायांनी म्हटले, येशू माणूसच, देवाने त्याला पुत्र म्हणून स्वीकारले. सबेलियसच्या नावावर उलटे मत आहे : एकच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा या रूपांनी प्रकटतो. पहिल्या मतात उपासना जास्तीची ठरते. दुसऱ्यात येशू प्रार्थना करतो ती कोणाला, हा पेच उरतो. आलेक्सांद्रियाचा ओरिगेन हा त्या काळचा सर्वांत मोठा विद्वान. काटेकोर अर्थाने प्रार्थना पित्यालाच करावी, पुत्राच्या द्वारे करावी, असे त्याने लिहून ठेवले. स्वतः त्याने हा नियम नेहमी पाळला नाही, यावरून अडचण किती खरी होती ते कळते.

त्याच आलेक्सांद्रियात ३१८ च्या सुमारास आरियस या धर्मगुरूचा बिशप अलेक्झांडरशी खटका उडाला. आरियसबद्दल एक समज आजही जोरात आहे, की तो येशूला निव्वळ माणूस मानत होता आणि निकियात मतदान घेऊन येशूला देव ठरवले गेले. कादंबऱ्या आणि चित्रपटांनी हा समज घरोघर पोहोचवला. वास्तविक आरियसही पुत्राला देव म्हणत होता, सृष्टीच्या आधी जन्मलेला म्हणत होता. त्याचे म्हणणे इतकेच, की पुत्र पित्यासारखा अनादी नाही. पित्याने आपल्या इच्छेने त्याला अस्तित्वात आणले, तेव्हा तो नव्हता अशी अवस्था होतीच. पित्याचे अनन्यत्व राखण्याची ही तळमळ होती आणि ती अप्रामाणिक नव्हती.

३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकियात परिषद बोलावली. परंपरा ३१८ बिशप सांगते. इतिहासकार दोनशे ते तीनशेच्या दरम्यानचा आकडा धरतात. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, ग्रीकमध्ये ‘होमोऊसिओस’, असे तिथल्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत निवेदनात, लिहिले गेले. सेकुंदस आणि थिओनास या दोन लिबियन बिशपांनी अखेरपर्यंत सही केली नाही आणि आरियसबरोबर हद्दपारी पत्करली. शब्द बायबलबाहेरचा होता. त्यातच अंत्युखियातल्या २६८ च्या सभेने समोसाताचा पौल याच्या संदर्भात हाच शब्द नाकारल्याचे पुढे सांगितले जाई. त्यामुळे सही केलेल्यांपैकीही अनेकांच्या मनात धाकधूक राहिली.

छप्पन्न वर्षांची धुमश्चक्री

निकियाने वाद मिटला, ही शाळेतली गोष्ट. प्रत्यक्षात तो तिथून पेटला. आरियसला परत बोलावले गेले. कॉन्स्टंटाइनला ३३७ मध्ये मरणापूर्वी बाप्तिस्मा दिला तो आरियसच्या पाठीराख्या निकोमेडियाच्या युसेबियसने. निकियाचा कैवारी अथनेशियस आलेक्सांद्रियाच्या बिशपपदावर असताना पाच वेळा हद्दपार झाला. मधल्या काळात ‘एकतत्त्व’, ‘समतत्त्व’, नुसते ‘सारखा’ आणि ‘असमान’ असे निदान चार पक्ष उभे राहिले. ३५९ मध्ये सम्राट कॉन्स्टँटियसने पश्चिमेला रिमिनी आणि पूर्वेला सेल्युकिया अशा दोन परिषदा भरवून ‘सारखा’वर साम्राज्याचे शिक्कामोर्तब करून घेतले. म्हणजे सत्ता एकाच बाजूला होती असे नाही. ती दोन्हीकडे फिरली. पुढे गॉथ लोकांचा ख्रिस्ती धर्म बिशप उल्फिलासमुळे या ‘सारखा’ पंथाचाच राहिला आणि स्पेनमधल्या व्हिजिगॉथांनी तो ५८९ मध्ये सोडला.

अथनेशियसचा युक्तिवाद पाहिला तर त्याचा कणा उपासनेचाच आहे. पुत्र निर्मित असेल तर त्याची पूजा करणारे तुम्ही सृष्ट वस्तूची पूजा करता; मग मूर्तिपूजकांना नावे कशी ठेवता? दुसरे, निर्मिताने निर्मिताला तारावे कसे? आरियसच्या बाजूचे लोकही पुत्राची प्रार्थना करत होते, म्हणून हा वार वर्मी बसे.

आत्म्याच्या बाबतीत तर सगळे स्तुतीच्या एका ओळीवरून घडले. कप्पदुकियातल्या कैसरियाचा बिशप बेसिल चर्चमध्ये कधी पुत्राच्या द्वारे आत्म्यात पित्याचा गौरव असे म्हणे, कधी पुत्रासह आणि आत्म्यासह असे म्हणे. या ‘सह’वर आक्षेप आला आणि त्याच्या उत्तरादाखल ३७५ च्या सुमारास त्याने पवित्र आत्म्यावरचा ग्रंथ लिहिला. गंमत अशी, की त्या ग्रंथात आत्मा ‘देव’ आहे असे थेट वाक्य लिहिणे त्याने टाळले; त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी याने ते बेधडक म्हटले. बेसिल, त्याचा भाऊ न्यिसाचा ग्रेगरी आणि हा दुसरा ग्रेगरी यांच्या काळातच एक तत्त्व, तीन व्यक्ती ही परिभाषा घट्ट झाली. ३८१ च्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेशी जोडलेल्या मतांगीकारातही आत्म्यासाठी ‘एकतत्त्व’ हा शब्द नाही. पित्यापुत्रांबरोबर त्याचीही उपासना व गौरव होतो, एवढ्यावर ते थांबते. तत्त्वाचा दावा उपासनेच्या भाषेत मांडलेला आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादातली ही सर्वांत शहाणी माघार आहे.

एका संबोधनावरून, एका ओळीवरून

पुढची दोन मोठी भांडणेही प्रार्थनेतल्या शब्दांवरून झाली. मरीयेला ‘देवमाता’ म्हणावे का, यावर कॉन्स्टॅन्टिनोपलचा नेस्टोरियस आणि आलेक्सांद्रियाचा सिरिल भिडले. इफिस (४३१) आणि खाल्सेदोन (४५१) या परिषदांत येशूच्या देवत्वाचा आणि माणूसपणाचा संबंध ठरवताना पूर्वेकडची चर्चे तुटली. केरळातले मलंकारा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती खाल्सेदोनची भाषा न स्वीकारणाऱ्या परंपरेत येतात. १९९४ मध्ये रोम आणि अश्शूरी पूर्व चर्च यांनी संयुक्त निवेदन काढून श्रद्धा एकच असल्याचे मान्य केले.

दुसरे भांडण अजून संपलेले नाही. आत्मा पित्यापासून निघतो, असे मूळ मतांगीकार सांगते. पश्चिमेने त्यात ‘आणि पुत्रापासून’ अशी भर घातली; लॅटिनमध्ये ‘फिलिओक्वे’. स्पेन आणि फ्रँकांच्या राज्यात ही भर रूढ झाली. पोप तिसऱ्या लिओला तिचा आशय मान्य होता, पण मतांगीकारात ती घालायला त्याने नकार दिला आणि भर नसलेला पाठ चांदीच्या पत्र्यांवर कोरून लावला. रोममध्ये ती म्हटली जाऊ लागली १०१४ मध्ये, सम्राट दुसऱ्या हेन्रीच्या राज्याभिषेकाच्या वेळी. पूर्वेचे आक्षेप दोन : आशय चुकीचा, कारण पिता हाच एकमेव उगम, आणि रीत चुकीची, कारण सर्वांनी मिळून ठरवलेल्या वाक्यात एकाने बदल केला. लियोंची (१२७४) आणि फ्लॉरेन्सची (१४३९) तडजोड टिकली नाही. हल्ली दुसरा आक्षेप बराच सौम्य झाला आहे. २०२४ मध्ये लुथरन जागतिक संघ आणि ऑर्थोडॉक्स चर्चे यांच्या संयुक्त आयोगाने भरीशिवायचा पाठ वापरावा असे सुचवले. आशयाचा प्रश्न धर्मशास्त्रज्ञांच्या टेबलावर तसाच आहे.

नाकारणाऱ्यांतले मतभेद

त्रैक्य नाकारणारे सगळे एका माळेचे मणी, असे समजणे मोठी चूक ठरेल. सोळाव्या शतकात ग्रंथ मूळ भाषांतून तपासले जाऊ लागले. त्रैक्याचा सर्वांत स्पष्ट आधार मानले गेलेले योहानाच्या पहिल्या पत्रातले वचन जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडेना, म्हणून इरॅस्मसने १५१६ च्या आवृत्तीतून ते गाळले आणि दडपण वाढल्यावर १५२२ मध्ये परत घातले. आज जवळपास सर्व अभ्यासक, त्रैक्यवादीसुद्धा, ते मागाहून घुसलेले मानतात.

मायकेल सर्व्हेटसला १५५३ मध्ये जिनीव्हात जाळण्यात आले; त्याआधी कॅथलिकांनीही त्याला गैरहजेरीत दोषी ठरवून त्याचा पुतळा जाळला होता. चितेवर त्याने येशूचाच धावा केला, पण ‘शाश्वत’ हे विशेषण देवाला लावले, पुत्राला लावले नाही, अशी हकीकत सांगितली जाते. ट्रान्सिल्व्हेनियात फ्रान्सिस डेव्हिडच्या प्रभावाने १५६८ मध्ये तोर्दा येथे उपदेशस्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, आणि अकरा वर्षांनी डेव्हिड स्वतः तुरुंगात मेला. येशू देव नसेल तर त्याची प्रार्थनाही करू नये, असे त्याने म्हटले होते. त्याची समजूत घालायला इटलीचा फाउस्तो सोझिनी आला होता. तोही त्रैक्य नाकारणाराच. जन्मापूर्वी येशूचे अस्तित्वही न मानणारा. पण ख्रिस्ताचा धावा केला पाहिजे, यावर तो ठाम. त्याच्या पोलिश अनुयायांनी १६०५ मध्ये काढलेल्या राकोवच्या प्रश्नोत्तरीत ख्रिस्ताची उपासना न करणाऱ्याला ख्रिस्ती म्हणायलाच नकार आहे. तर्क डेव्हिडच्या बाजूचा, सवय सोझिनीच्या बाजूची. त्रैक्यविरोधकांतली ही फट पुढेही बुजली नाही.

इंग्लंडात न्यूटनने आपली मते आयुष्यभर कागदांत दडवली. तो ज्या महाविद्यालयात होता त्याचे नावच त्रैक्यावरून ठेवलेले. १६९७ मध्ये एडिंबरोत टॉमस एकनहेड या विद्यार्थ्याला ईशनिंदेबद्दल फाशी झाली. त्रैक्याची टिंगल हा आरोपांतला एक. त्रैक्य नाकारणे ब्रिटनमध्ये कायद्याने निर्धोक झाले ते १८१३ मध्ये. त्याआधीच १७७४ मध्ये थिओफिलस लिंडसीने लंडनमध्ये युनिटेरियन उपासनागृह उघडले, आणि त्याचे पहिले काम होते प्रार्थनापुस्तकातून त्रैक्याचे उल्लेख गाळणे.

विसाव्या शतकातली चित्रे आणखी वेगळी आहेत. यहोवाचे साक्षीदार येशूला देवाची पहिली निर्मिती मानतात आणि उपासना फक्त यहोवाची करतात. हे आरियसच्या जवळचे, पण उपासनेच्या बाबतीत त्याच्याहून कडक. एकत्ववादी पेंटेकॉस्टल मंडळी नेमकी उलटी : येशूच एकमेव देव, म्हणून बाप्तिस्मा येशूच्या नावानेच. १९१६ मध्ये अमेरिकेत असेम्ब्लीज ऑफ गॉडमधून ती यावरूनच वेगळी झाली.

भारतातले पडसाद

राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या उपदेशाचे संकलन काढले. त्यात नीती ठेवली. चमत्कार आणि सिद्धांत वगळले. सेरामपूरच्या जोशुआ मार्शमनने कडक टीका केली आणि रॉय यांनी ख्रिस्ती जनतेला उद्देशून तीन उत्तरे लिहिली. बाप्टिस्ट मिशनरी विल्यम ॲडम त्यांच्याशी चर्चा करता करता स्वतःच युनिटेरियन झाला. रॉय यांचा प्रश्न सोपा होता : अनेक देव सोडा म्हणून आम्हाला सांगता, मग हे तीन कशाला?

मराठी जगात या प्रश्नाची सर्वांत सखोल नोंद पंडिता रमाबाईंच्या पत्रांत आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतरच्या वर्षांत सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. त्यांत त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व आणि अथनेशियसच्या नावाने ओळखले जाणारे मतांगीकार यांवर त्या हटून प्रश्न विचारतात. या मतांगीकारात त्रैक्य न मानणाऱ्याचे तारण नाही असा इशारा आहे, आणि अँग्लिकन प्रार्थनापुस्तकानुसार ठरावीक सणांना ते मोठ्याने म्हणायचे असे. म्हणजे रमाबाईंचा पेचही ग्रंथालयातला नव्हता. भर चर्चमध्ये काय उच्चारायचे, याचा होता. ब्राह्मणांचे पौरोहित्य सोडून आलेली ही विदुषी दुसऱ्या कोणाच्या शब्दावर श्रद्धा ठेवायला तयार नव्हती. त्यांच्यावर प्रभाव टाकणारे नीळकंठ (नेहेम्या) गोरे मात्र काशीतल्या चित्पावन घरातले, दर्शनशास्त्रांत मुरलेले, आणि त्रैक्याचे खंदे समर्थक. मुंबई-पुण्याच्या ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजी वर्तुळाशी त्यांनी वाद घातले. प्रार्थनासमाजाचेच विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते युनिटेरियनांच्या मदतीने. गोरे आणि शिंदे या दोघांच्याही ओढीमागे एकेश्वरनिष्ठाच होती.

तिसरी वाट ब्रह्मबांधव उपाध्याय यांची. त्यांनी त्रैक्याला सच्चिदानंदाच्या भाषेत मांडले : सत् पिता, चित् पुत्र, आनंद आत्मा. १९५० मध्ये तमिळनाडूत मोंशानँ आणि ल सो यांनी काढलेला शांतिवनम आश्रम सच्चिदानंद याच नावाने ओळखला जातो. आक्षेप दोन्हीकडून आहेत. वेदान्ती म्हणतात, सत्-चित्-आनंद ह्या तीन व्यक्ती नव्हेत. दलित ख्रिस्ती विचारवंत म्हणतात, ही ब्राह्मणी परिभाषा आमच्या लोकांच्या प्रार्थनेत कुठे आहे? दुसऱ्या आक्षेपाला समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही, असे मला वाटते.

आज वाद कुठे आहे

इतिहासाच्या अंगाने प्रश्न पुन्हा उपासनेपाशी आला आहे. विल्हेल्म बूसेटने १९१३ मध्ये मांडले, की येशूची ‘प्रभू’ म्हणून भक्ती यहुदी शिष्यांत नव्हती. ग्रीक भाषिक मंडळ्यांत, भोवतालच्या पंथांच्या प्रभावाखाली ती उपजली. लॅरी हर्टाडोने २००३ च्या ग्रंथात याला विरोध केला : भक्ती पहिल्या काही वर्षांतच, यहुदी एकेश्वरवादाच्या कुशीत, अचानक फुटली. जेम्स डन यांनी मध्यम भूमिका घेतली : येशूला मान होता, पण पूर्ण अर्थाने उपासना म्हणावे इतका नव्हे. बार्ट एरमन यांच्या २०१४ च्या पुस्तकात शिष्यांची समजूत पुनरुत्थानावरच्या विश्वासामुळे पायरीपायरीने वर चढते. पुरावा तोच, मोजपट्टी निराळी. उपासना कशाला म्हणायचे यावरच एकमत नाही.

सिद्धांताच्या अंगाने कार्ल बार्ट आणि कार्ल राहनर यांनी विसाव्या शतकात त्रैक्याला पुन्हा मध्यभागी आणले. त्रैक्य उद्या रद्द झाले तरी बहुतेक भक्तिपर ग्रंथांत फारसा बदल करावा लागणार नाही, अशी राहनरची खंत होती. मोल्टमन, झिझिउलास आणि बोफ यांनी तीन व्यक्तींच्या परस्परप्रेमात माणसांच्या समाजाचा नमुना पाहिला. कॅरन किल्बी यांनी २००० मध्ये विचारले, की हा नमुना देवात सापडतो की आपणच तो आधी देवात ठेवतो? अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मंडळींत २०१६ मध्ये पुत्र अनादी काळापासून पित्याच्या अधीन आहे का, यावर तट पडले. पत्नीने पतीच्या अधीन असावे का, हा वाद त्याच्या मुळाशी होता, त्यामुळे किल्बींची शंका तिथेही लागू पडली. तर्कशास्त्री मंडळी एकत्वाच्या व्याख्या घासत आहेत. सुरुवातीचे गणित त्यांच्याकडे अजून सुटायचे आहे.

निकियाला २०२५ मध्ये १७०० वर्षे झाली. त्यानिमित्त बरेच लिहिले-बोलले गेले. व्यवहारात मात्र चर्चांना रोज पडणारा प्रश्न वेगळाच आहे : कोणाचा बाप्तिस्मा खरा धरायचा? २००१ मध्ये रोमने मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा अमान्य ठरवला. उच्चारलेले सूत्र पिता, पुत्र, पवित्र आत्मा हेच असूनही, त्यामागचा अर्थ निराळा म्हणून. पुरुषवाची शब्द टाळण्यासाठी काही ठिकाणी निर्माता, तारक आणि पावनकर्ता या नावांनी बाप्तिस्मा दिला जात होता. २००८ मध्ये तोही अमान्य झाला, सूत्र बदलले म्हणून. पहिल्या निर्णयाने शब्द पुरेसे नाहीत असे ठरवले, दुसऱ्याने ते बदलता येत नाहीत असे. दोन्ही निर्णय एकत्र कसे लावायचे, आणि ज्यांचा बाप्तिस्मा त्यामुळे पुन्हा करावा लागला त्यांना काय सांगायचे, यावर चर्चा चालू आहे.